दोरीचं दुसरं टोक

तुम्ही एका फोटोवरून माझ्या बहिणीची पोरगी उचलून नेलीत. गाडी दाराशी लावून आलात, "कुणी मध्ये पडू नका" म्हणून शेजाऱ्यांना दरडावलंत, आणि पोरीला काखोटीला मारून निघून गेलात. आई कामावर होती. ती येईपर्यंत थांबण्याइतकाही धीर तुम्हाला नव्हता. तुम्ही म्हणजे बालकल्याण समितीच्या अध्यक्षबाई, तुमच्या दोन्ही बाजूंना बसणारे ते दोघे, आणि फोटो वाचायला बोलावलेले जाणकार. नावं मला पाठ आहेत. ती लिहीत नाही, कारण उद्या त्या खुर्च्यांवर दुसरे बसतील आणि त्यांनाही मला हेच विचारायचं आहे.

आधी फोटोचं बोलू. अध्यक्षबाई, तुम्ही तो पहिल्यांदा पाहिलात तेव्हा मी तुमच्याच मागे उभा होतो. प्रदर्शनाची फीत तुम्ही कापलीत. फोटो काढणाऱ्याने, ज्याला आमच्या गल्लीत सगळे दाढीवाला म्हणतात, आम्हालाही बोलावलं होतं. बहिणीची कामाची पाळी होती म्हणून मी एकटाच गेलो, धुतलेला शर्ट घालून. दारावरच्या माणसाने मला दोनदा विचारलं की मी खुर्च्या उचलायला आलोय का.

फोटो पुरुषभर उंच. काळा-पांढरा. खोलीच्या मधोमध आमची भिंगरी उभी. तिचं खरं नाव वेगळं, पण एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. अंगात माझा जुना बनियन, गुडघ्याच्या खाली लोंबणारा. गालावर काळा डाग. मागे ओल आलेली भिंत. कमरेला दोरी, ताणलेली, फोटोच्या उजव्या कडेपर्यंत गेलेली, आणि तिथे फोटो संपतो. पोरगी थेट तुमच्याकडे बघते. खाली शीर्षक: बांधलेली.

तुम्ही चष्मा काढलात, डोळे टिपलेत. "हे मूल कुठलं?" असं विचारलंत. दाढीवाल्याने गल्लीसकट पत्ता सांगितला. बिचाऱ्याला वाटलं तुम्ही काहीतरी मदत पाठवणार. मलाही वाटलं. घरी जाऊन मी बहिणीला सांगितलं, "अगं, आपल्या भिंगरीसाठी मोठ्या बाई रडल्या."

ती म्हणाली, "रडायला काय झालं? एवढी वाईट दिसते का फोटोत?"

आता दोरीचं सांगतो, जे तुम्ही कधी विचारलं नाही.

माझी बहीण डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या शेडमध्ये कामाला आहे. पत्र्याची पट्टी यंत्राखाली सरकवायची, यंत्र खाली येतं, झाकण पडतं, पुन्हा पट्टी. ओळीने यंत्रं, ओळीने बायका. तिथला आवाज लिहून कळणार नाही. पहिल्या वर्षी कानात शिट्ट्या वाजतात. मग शिट्ट्याही बंद होतात. त्या ओळीतली एकही जुनी बाई धड ऐकत नाही. सगळ्यात जुन्या मावशी म्हणतात, "आमच्या शेडमध्ये भांडण टिकतच नाही बघ. शिवी पोहोचेपर्यंत राग जातो."

पण हे बाहेर कुणी बोलत नाही. मुकादमाला कळलं की बाईला धोक्याची घंटा ऐकू येत नाही, तर तो तिला यंत्रावरून उठवतो. म्हणून त्या बायकांनी एक रीत पाडून घेतली आहे. मुकादम समोर येऊन ओठ हलवू लागला की हसायचं आणि मान डोलवायची. तो काय म्हणतो ते नंतर शेजारणीला खुणेने विचारायचं. मान डोलवणं म्हणजे 'हो' नव्हे. मान डोलवणं म्हणजे 'तुम्ही बोलताय ते दिसलं, आता पुढे जा'. वर्षानुवर्षं हेच केल्यावर ते अंगात मुरतं. घरीदारी, दुकानात, दवाखान्यात, कुणी कपाळाला आठी घालून बोललं की यांची मान आपोआप डोलते.

बहिणीचा नवरा दूरच्या कामाला म्हणून गेला तो गेलाच. शेडमधून आली की ती घरात झाकणांना रबराची कडी बसवत बसते. खिडकीच्या उजेडाकडे तोंड, पोरीकडे पाठ. पोर रडली तर ऐकू येणार कसं? मावशींनी त्यांच्या काळी जे केलं तेच हिला शिकवलं. जुन्या कपड्याची मऊ वेणी वळायची. एक टोक पोरीच्या कमरेला सैल, दुसरं आईच्या घोट्याला. पोरीला आई हवी असली की ती ओढते. हळू ओढलं तर भूक. झटका दिला तर पडले, लागलं. आणि नुसतीच उगाच, चाळा म्हणून ओढत राहिली तर ती गप्पा मारते, असं माझी बहीण सांगायची. कडी बसवता बसवता ती पायाने उलट ओढायची आणि पोरगी खिदळायची. तो खिदळण्याचा आवाज मी तिला वर्णन करून सांगायचो.

फोटोच्या दिवशी दाढीवाला तिला म्हणाला, "ताई, तुम्ही अशाच बसा, मुलीकडे बघू नका." ती बसली. पोरीच्या गालाला यंत्राचं वंगण लागलं होतं. आई कामावरून आली की पहिला मुका त्या गालाचा. दोरी ताणलेली होती, कारण पोरगी परक्या माणसाला बघून आईला बोलवत होती. एवढंच.

मग हे सगळं समितीपुढे सांगायचं की, असं तुम्ही म्हणाल. तिथेच तर आमचा पाय अडकला. पोरीला नेल्यावर तुम्ही सुनावणी ठेवलीत. तिच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नळाजवळ बसलो होतो. मी तिच्या तोंडासमोर तोंड धरून म्हटलं, "दोरीचं खरं सांगून टाकू."

"आणि कान?"

"तेही सांगावं लागेल."

"वेडा आहेस का, दादा? बहिरीकडे मूल ठेवतील? त्यांच्या जागी मी असते आणि समोर दुसरी कुणी बहिरी आई असती, तर मी तरी ठेवलं असतं का?" मग म्हणाली, "तू काही बोलू नकोस. मी ओठ वाचते. तुझे वाचतेच ना?"

"माझे तू लहानपणापासून बघतेस."

"ओठ ते ओठ. त्यांचे काय सोन्याचे असतात का?"

मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही आमचं बोलणं ओठांवरूनच कळलं. म्हणाल्या, "दोरीला कारण सांग. पोर रस्त्यावर जाऊ नये म्हणून बांधते. गाड्या जातात येतात. कानाचा विषय अजिबात काढू नको."

तसंच ठरलं. सगळं खरं सांगितलं तर पोरगी जाणार, आणि नाही सांगितलं तर दोरी म्हणजे छळ ठरणार. या दोन भिंतींच्या मधून तिला चालायचं होतं, तेही तुमच्या ओठांवर नजर ठेवून.

सुनावणीची खोली तुम्हाला रोजची आहे, तरी आठवण करून देतो. लांब टेबल. फोटोला खुर्ची दिली होती, पाठीशी टेकवून, कुठे ओरखडा जाऊ नये म्हणून खाली कापड. माझ्या बहिणीला स्टूल. मला भिंतीजवळ उभं केलं आणि सांगितलं, "नातेवाइकांनी मध्ये बोलायचं नाही." भिंगरी खोलीत नव्हती. ती कुठे आहे विचारलं तर शिपाई म्हणाला, "सुरक्षित आहे."

जाणकार उठले. फोटोपुढे उभे राहिले, हातात बोरू धरावा तशी पेन्सिल धरून. आवाज चांगला, शांत. म्हणाले, "उजेड डावीकडून येतोय. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी अंधारात. ही दोरी बघा. ती आपली नजर चौकटीच्या बाहेर खेचते. बाहेर काय आहे ते आपल्याला दिसत नाही, म्हणून भीती वाटते. चित्राची ताकद त्यातच आहे."

"गालावरचा डाग?" तुम्ही विचारलंत.

"मार असू शकतो. मळही असू शकतो."

तुमच्या उजव्या हाताच्या गृहस्थांनी पहिलं तेवढं ऐकलं आणि दुसऱ्या वाक्याच्या आधीच मान खाली घालून लिहू लागले.

जाणकार पुढे म्हणाले, "आणि ओठ. घट्ट मिटलेले. या वयाचं मूल अनोळखी माणसापुढे रडतं किंवा हसतं. ही दोन्ही करत नाही. असं मूल तेव्हाच होतं जेव्हा त्याला कळलेलं असतं की आवाज काढून उपयोग नाही."

 हे त्यांनी बरोबर वाचलं होतं. आवाज काढून खरंच उपयोग नव्हता. आमची भिंगरी आईला कधी हाक मारत नाही. त्यांना तिचं गप्प राहणं दिसलं, आणि गप्प राहून ती जे बोलत होती ते त्यांच्या पेन्सिलीखालीच होतं, तिच्या मुठीत, दोरीवर. तिथे पेन्सिल थांबली नाही. पोरीने दोरी हातात धरलेली आहे. बांधलेलं मूल दोरी सोडवायला बघतं. ही ओढते आहे. पण असं ओरडून सांगायला गेलो तर पुढचा प्रश्न येणार, का ओढते? 

मग दाढीवाल्याला विचारलं. तो बिचारा घामाघूम झालेला. "दोरीचं दुसरं टोक कुठे होतं?"

"आईच्या पायाला."

"फोटोत पाय नाही."

"मी कापला. पाय आला की चित्र सैल पडत होतं. मूळ फोटोत आहे. मी घेऊन येतो, हवं तर."

क्षणभर मला वाटलं, सुटलो. तुम्ही हात वर केलात. "गरज नाही. म्हणजे टोक आईनेच स्वतःकडे ठेवलं होतं. मूल हलू नये म्हणून."

"ते मला माहीत नाही," दाढीवाला म्हणाला. "मी विचारलं नाही."

"आम्हाला कळलं," तुम्ही म्हणालात.

काय कळलं? पाय नसला तर पोरगी बांधलेली. पाय असला तर आईने बांधलेली. तुम्ही घरूनच वाचून आला होतात, फोटो आपला साक्षीला.

त्यानंतर माझ्या बहिणीची पाळी. पहिला प्रश्न तुम्ही तिच्याकडे बघून विचारलात. "दोरी कशासाठी?"

तिने पकडला. "पोर रस्त्यावर जाऊ नये म्हणून. गाड्या असतात."

"दाराला कडी आहे?"

"आहे."

"मग दोरी कशाला?"

 ती माझ्याकडे बघू लागली. तुम्ही म्हणालात, "भावाकडे नको, इकडे बघा." आणि मग तुम्ही स्वतः मात्र तिच्याकडे बघणं सोडलंत. चष्मा लावलात, समोरचा कागद उचललात, तोंडापुढे धरलात आणि वाचू लागलात. एका सुरात, न थांबता. तिला दिसत होता कागद, आणि कागदाच्या वर तुमचं कपाळ. कपाळाला आठी.

"कामामुळे मुलीकडे पुरेसं लक्ष देता येत नाही, असं तुम्हाला वाटतं?"

तिने मान डोलावली. ओठांवर ते हसू, मुकादमाचं.

मी भिंतीपासून पुढे धावलो. शिपायाने दंडाला धरलं.

"दोरीमुळे तिला त्रास होत असेल, हे तुम्हाला पटतं?"

मान डोलावली.

"ती पुढे आमच्याच देखरेखीखाली राहावी, याला तुमची संमती आहे?"

तिने तुमच्या कपाळाकडे बघितलं, हसली, आणि मान डोलावली. नेहमीपेक्षा जरा जास्तच. तिला वाटलं संपलं.

"आईची संमती," तुम्ही बाजूच्या गृहस्थांना सांगितलंत.

मी म्हणालो, "तिला ऐकू येत नाही."

 तुम्ही चष्मा काढलात. "काय म्हणालात?"

"तिला ऐकू येत नाही, बाई. शेडमधल्या कुणालाच येत नाही. ती ओठ वाचते. तुम्ही कागद तोंडापुढे धरलात."

"मघाशी तर तिने नीट उत्तरं दिली."

"मघाशी तुमचं तोंड दिसत होतं. दोरी त्यासाठीच आहे. पोरगी ओढते तेव्हा हिला कळतं."

सांगून टाकलं सगळं, उलटसुलट, जीभ अडखळत. तुम्ही ऐकून घेतलंत, हे मी नाकारत नाही. मग म्हणालात, "म्हणजे हे तुम्ही समितीपासून लपवलं."

"हो."

"एकटी बाई, ऐकू येत नाही, घरात एवढंसं मूल. आणि तुम्हाला वाटतं, हे ऐकून मी मूल परत देईन?"

आदल्या संध्याकाळी माझी बहीण नळाजवळ जे म्हणाली होती, तेच तुमच्या तोंडून निघालं. ती आपल्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, अजून हसतच. मला बाहेर काढलं. पाठोपाठ तिलाही.

बाहेरच्या बाकावर बसायच्या आधीच तिने विचारलं, "झालं ना? आज नेता येईल का तिला, की उद्या?"

मी तिला दंडाला धरून बाकावर बसवलं.

"बोल की. नीट बोलले ना मी? कडीचं तेवढं चुकलं. कडी नाही म्हणायला हवं होतं."

मी तिच्या समोर उकिडवा बसलो, तोंड तिच्या तोंडासमोर आणून. "त्यांनी विचारलं, पोरगी त्यांच्याकडेच राहू दे का. तू हो म्हणालीस."

"मी?"

"मान डोलावलीस."

तिने बराच वेळ माझ्या ओठांकडे बघितलं, पुन्हा हलतील आणि दुसरं काही म्हणतील या आशेने. मग म्हणाली, "मान काय रे, मान मी मुकादमालाही डोलावते."

ती रडली नाही, आरडाओरडा केला नाही. उठून बंद दारापाशी गेली आणि ते वाजवू लागली. शिपाई आतून ओरडत होता, "बैठक चालू आहे, नंतर या." तिला काय कळणार? ती वाजवतच राहिली.

पुढचं तुम्हाला माहीत नसेल. माझं तोंड उघडलं आणि तिचं यंत्र गेलं. समितीची गोष्ट शेडपर्यंत पोहोचायला कितीसा वेळ लागतो. मुकादमाने तिला बोलावलं आणि पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. ती वळली नाही. आता ती पत्र्याची कात्रणं झाडते. बाकीच्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या पाठीमागेही टाळ्या वाजू लागल्यात. मावशी तेवढ्या म्हणाल्या, "बोललास ते बरं केलंस. पण आधी बोलायचं किंवा कधीच नाही." ते मला मान्य आहे. ते माझ्या माथी मी घेतो. तुमच्या माथीचं तुम्ही घ्या.

भेटीच्या दिवशी आम्ही तुमच्या बालगृहात गेलो. स्वच्छ आहे, खोटं बोलणार नाही. पोरगी अंगाने भरली आहे, तिच्या मापाचा फ्रॉक आहे. आईला बघून ती धावत आली नाही. चालत आली, जवळ उभी राहिली आणि आईच्या बाहीला धरून ओढलं. हळू. मग पुन्हा. माझी बहीण खाली बसली आणि तिने पोरीचा फ्रॉक धरून उलट ओढला. दोघी तशाच एकमेकींना ओढत बसल्या होत्या.

सांभाळणारी बाई चांगल्या मनाची असावी. ती मला हळूच म्हणाली, "हिची एक वाईट खोड काही जात नाही बघा. तोंडाने मागत नाही. येता जाता सगळ्यांचे कपडे ओढते. रात्री माझी चादर ओढते. आम्ही हात सोडवतो, रागावतो, तरी नाही. बांधून ठेवायचे ना तिला घरी, त्याचाच परिणाम."

"मग ओढलं की तुम्ही काय करता?"

"काय करणार? लक्ष देत नाही. लक्ष दिलं की वाढतं."

"जोरात झटका देते का कधी?"

"पहिल्या पहिल्यांदा फार द्यायची. आता नाही देत."

मी हे बहिणीला सांगितलं नाही. तिने ते त्या बाईच्या ओठांवरून आधीच वाचलं होतं. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "दादा, ती ओढायचं सोडून देईल."

म्हणून हे लिहितोय. बाकी कुणाला मी घाबरत नाही, पण या एका वाक्याला घाबरतो. पोरगी लहान आहे. उत्तर न देणाऱ्याला ती किती काळ हाक मारेल?

मी तुमच्या कार्यालयात गेलो. शिपाई म्हणाला, संमती झालेली आहे, प्रकरण मिटलं. पुन्हा गेलो, बाई बाहेर आहेत. पुन्हा गेलो, लेखी द्या. हे घ्या लेखी. दया नको, मदत नको, फोटोपुढे टिपलेले डोळे तर मुळीच नको. माझ्या बहिणीला समोर बसवा. कागद खाली ठेवा. तोंड वर करा आणि सावकाश विचारा, "तुझी मुलगी तुला हवी आहे का?" तिने मान डोलावली तर थांबा, ते उत्तर धरू नका. तोंडाने काय म्हणते ते ऐका. तुम्हाला तर ऐकू येतं.

कधी विचारताय? दिवस सांगा.